इतर

प्लेअर दुरुस्तीला आला तेव्हा
डिस्क त्याच्या पोटातच होती.
ट्रेचा पट्टा सैल, लेन्सवर धुळीची साय.
गिऱ्हाईक म्हणालं, शनिवारी येतो.
मी पावती फाडली: कोपरखैरणे, सेक्टर पंधरा,
जिन्याखालचं दुकान, पट्टा बदलणे, अडीचशे.
तो शनिवार अजून यायचाय.

टेस्टिंगला काहीतरी लागतंच, म्हणून तीच लावली.
सिनेमाचं नाव ‘रिकाम्या गाडीचं वजन’.
तुर्भ्याचा वजनकाटा, खिडकीत एक म्हातारा.
ट्रक येतो, आकडा पडतो, ट्रक जातो.
सत्तर मिनिटं.
तेवढ्यात मी दोन रिमोट आणि एक मिक्सर दुरुस्त केला
आणि माझं काही हुकलं नाही.

मग मेनूवर बोट घसरलं.
सगळ्यात खाली, बारीक अक्षरांत: इतर.

माणसं तिथे होती.
दिग्दर्शिका ऋजुता कारखानीस, केसांना पुडीचं रबर,
सांगते, ट्रॉलीचं भाडं परवडेना,
मग मार्केटातली कांद्याची हातगाडी घेतली,
चाकांना सायकलची ट्यूब गुंडाळली.
म्हणून तो लांबलचक शॉट किंचित लंगडतो.
मला वाटलेलं प्लेअरच अडखळतोय.
लेन्स उगाच दोनदा पुसली होती मी.

दिवे मांडववाल्याचे.
दुसऱ्या दिवशी त्याची घणसोलीत हळद होती,
म्हणून सिनेमातल्या सगळ्या रात्री
एका रात्रीत उरकल्या.

आणि आवाजवाला अन्वर मुजावर,
माइकला जुन्या स्वेटरची बाही चढवून उभा,
ठाणे-बेलापूर रस्ता गप्प होण्याची वाट बघत.
तो कधी गप्प होतो?
पहाटे तीन-दहाला, अन्वर सांगतो, चार मिनिटं.
निम्मी शांतता तिथूनच कापून आणलेली.

मग कॉमेंटरी. एक खोली, पंख्याची घरघर, कपबश्या.
‘मढवीकाकाही बसलेत,’ ऋजुता म्हणते,
‘पण ते बोलणार नाहीत.’
पदाजी मढवी. खरोखरच काट्यावरचे कारकून, बत्तीस वर्षं.
शूटिंग संपलं आणि घशाचं ऑपरेशन झालं,
डबिंगपर्यंत आवाज उरला नाही.
सिनेमात बोलतो तो कुणी दुसराच,
धुऊन इस्त्री केलेल्या ‘ण’चा आणि ‘ळ’चा माणूस.

काका टेबलावर वाजवतात.
एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही.
‘इथे तुम्हाला हसू आवरेना, ना?’
टक.
‘ऊन बाधलं होतं का?’
टक टक.
एका जागी कुणीच काही विचारत नाही,
रिकामा ट्रक काट्यावर चढतोय नुसता,
आणि
टक.

वगळलेल्या दृश्यात मात्र ते बोलतात.
खिडकीतून, ड्रायव्हरला, खरखरीत, आगरी:
‘रिकामी गारी बी हलकी नसतं रं पोरा.
तिचं तिला वजन हाय.’
एकेचाळीस सेकंद.
का वगळलं, तर मागून विमान गेलं.
विमान मलाही ऐकू आलं.
चाललं असतं हो, बाई.

रात्री शटर अर्धं ओढून पुन्हा सुरुवातीपासून लावला.
या खेपेला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.
कानावर ‘गाडी’ येत होतं,
ओठ ‘गारी’ म्हणत होते.
मी ओठांपाशी थांबलो.
हातगाडी लंगडली तिथे पुढे सरकून बसलो,
कोपऱ्यावरचं वळण ती घेईल की नाही असं झालं.
ट्यूब टिकली.

प्लेअर आता मख्खन चालतो.
पावतीवरच्या नंबरला दोनदा फोन केला.
खरं सांगायचं तर एकदाच,
तोही दुपारी, माणसं झोपतात तेव्हा.

काल एक बाई आल्या मिक्सर न्यायला.
फळीकडे बोट करून म्हणाल्या,
हा जुना विकायचा का?
मी काउंटरवर दोनदा वाजवलं.
त्या म्हणाल्या, अहो, काय विचारतेय मी.